चौकटीमागचे पत्ते

१

आबा गुरुवारी गेले, आणि त्यांना माझ्या भाचीने मारलं ही बातमी शनिवार उजाडेपर्यंत गल्लीतल्या मांजरांनाही पाठ झाली होती. मांजरांचं सोडा. माझ्या भाचीलाही तसंच वाटत होतं.

तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणापासून कधी रिकामी बसलेली कुणी पाहिली नाही. शनिवारी दुपारी मी तिच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर शटर अर्धं खाली, आणि मुंगी स्टुलावर बसलेली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. समोर खोक्यात सगळी हत्यारं भरून ठेवलेली.

"हे काय चाललंय?"

"विकून टाकते, मामा. ज्या हातांनी माणूस मेला त्या हातांनी आता बटाटेसुद्धा सोलायचे नाहीत मला."

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा नकाशे काढायचे. नद्या, डोंगर, रस्ते, सगळं हाताने. फुप्फुसं गेली तेव्हा त्यांच्या मुलाने, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने, त्यांना घरात, बाइंडिंगच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत ठेवलं. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटा. चिमट्याची तार उशाशी ठेवलेल्या संगणकात. संगणक रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघत राहायचा. आकडा घसरला की वायफायवरून निरोप पाठवायचा, आणि आकडा वर येईपर्यंत दर मिनिटाला एक. हे निरोप यायचे 'पाळीच्या फोन'वर. घरात एक जुना फोन होता, पुस्तक बांधायच्या फितीत ओवलेला. ज्याची पाळी त्याच्या गळ्यात. खालच्या यंत्रांच्या खडखडाटात वरचं काही ऐकू येत नसे, म्हणून ही सोय.

गुरुवारी दुपारी दोन त्रेचाळीसला आकडा घसरला. संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटते, त्यात दिसत होतं. नळी उशीखाली मुडपली होती. कुणीही जाऊन बोटाने सरळ केली असती, तर आबा संध्याकाळी चहा प्यायले असते. डॉक्टर तसंच म्हणाले, आणि म्हणायला नको होतं.

कुणी गेलं नाही. फोन वाजलाच नाही. चार वाजता मुलगा वर गेला तेव्हा आबा गार पडलेले, आणि पडद्यावर एक चौकट उघडी: 'वायफायचा पासवर्ड द्या.'

आणि मंगळवारी, म्हणजे दोनच दिवस आधी, मुंगीने त्या संगणकाचा डेस्कटॉप बदलला होता.

"बाइंडरदादा आज पाचला तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाणारेत," ती म्हणाली. "जाऊ देत. खरंच आहे ते."

मी घड्याळ पाहिलं. तीन.

२

मी चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या. एका पुरात तर वाहत्या खांबावर बसून तीन गावं ओलांडली आणि जाता जाता तिन्ही गावांचे फोन चालू केले. लोक विश्वास ठेवत नाहीत. खांब अजून आहे, विचारा त्याला. पण त्या धंद्यात शिकलेली एक गोष्ट मात्र खोटी नाही. तार कुठे तुटली हे शोधायचं असेल, तर ती शेवटची कुठपर्यंत बोलली ते आधी बघायचं.

"मला अडाण्याला सांग," मी म्हटलं. "डेस्कटॉप बदलला म्हणजे नक्की काय केलंस?"

"म्हणजे..." तिने हात मांडीखालून काढले. एवढं तरी झालं. "आतलं यंत्र तेच. फक्त वरचा पडदा, बटणं, खिडक्या, हे दुसरं. जुना डेस्कटॉप फार जड होता, संगणकाला दम लागायचा, आकडा दोन-दोन मिनिटं अडकून राहायचा. म्हणून हलका बसवला."

"आणि वायफाय गेलं."

"गेलं. कारण पासवर्ड जुन्या डेस्कटॉपच्या खाजगी पेटीत होता. नव्याला ती पेटी उघडता येईना. मग तो प्रत्येक वेळी विचारायचा, पासवर्ड द्या, पासवर्ड द्या. तीच ती चौकट."

"मग?"

"मग दीड तास डोकं फोडलं. शेवटी पासवर्ड त्या पेटीतून काढून थेट यंत्राच्या पोटात ठेवला. एक खूण असते, 'सगळ्यांसाठी' म्हणून. ती केली की डेस्कटॉप कुठलाही असो, नवा, जुना, अगदी कुणी आत शिरण्याआधीसुद्धा, यंत्र आपलं आपण जोडलं जातं. तीनदा बंद करून चालू केलं. तिन्ही वेळा जोडलं गेलं." तिने खोक्यातल्या हत्यारांकडे पाहिलं. "असं मला वाटलं. पण ती चौकट आली ना, मामा! म्हणजे मी खूण केलीच नसणार."

"चौकट तू पाहिलीस?"

"दादांनी फोटो पाठवला. पाहिला. बंद केला."

"उघड."

"नको."

"मुंगे, उघड. मी चौकट बघणार नाही. चौकटीच्या मागे काय आहे ते बघणार आहे."

तिने फोन माझ्याकडे न देता स्वतःच उघडला. मी डोळे बारीक केले. मधोमध पांढरी चौकट. मागे सगळं हिरवंगार, आणि त्यावर पत्ते मांडलेले. बदाम सत्ती, किलवर राजा. पडद्याच्या वरच्या कडेला एक काळी पट्टी.

मुंगी फोनकडे बघत होती. मग तिने तो नाकाजवळ नेला.

"पट्टी वर आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्या डेस्कटॉपला पट्टी खाली असते. राखाडी."

"म्हणजे?"

"म्हणजे हा मी बसवलेला डेस्कटॉपच नाही, मामा. हा जुना आहे!"

३

घर दोन मजली. खाली कारखाना, वर माणसं, आणि मधला जिना एवढा अरुंद की माझ्यासारख्याने श्वास सोडून चढावा. खाली यंत्रं बंद होती. गुरुवारी चारनंतर कुणी कारखान्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

स्वयंपाकघरात सूनबाई भांडी पुसत बसली होती. कोरडीच होती, तरी पुसत होती.

"तिला का आणलंत?" मुंगीकडे न बघता ती म्हणाली.

"माझ्या गुडघ्यांना काठी हवी म्हणून. तिच्याशी नका बोलू, माझ्याशी बोला. गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"औषधाच्या दुकानात. दोनला निघाले. तिथली रांग तुम्हाला माहीत नाही का? पावणेचारला आले. चिठ्ठीवर वेळ आहे, बघायचीय?"

"फोन?"

"यांच्या गळ्यात घातला आणि निघाले. कारखान्यातून जाताना घातला ना. हे टेबलाशी उभे होते. आबांचे नकाशे होते टेबलावर, नुसते शिवलेले. पाठीला सरस लावायचाच होता अजून." तिने तेच भांडं पुन्हा पुसायला घेतलं. "आबांसाठी बांधत होते. आबांनी आयुष्यभर काढले ते सगळे, एका पुस्तकात. बुधवारी आबा म्हणालेसुद्धा, लवकर आटप रे, मला बघायचंय."

मुंगी भिंतीकडे बघत होती.

"सूनबाई, त्या संगणकाला तुम्ही कधी हात लावलात?"

भांडं तिच्या हातातून सुटलं. जमिनीवर गोल फिरत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत होतो.

"बुधवारी," ती म्हणाली. "त्याचा आवाज बंद केला. सारखं टुंय टुंय करायचा. बोटातला चिमटा जरा सरकला की टुंय. आबांना झोप नाही, मला झोप नाही. तीन महिन्यांत चाळीस वेळा तरी हे जिना धावत चढले असतील, आणि दर वेळी आबा वर हसत बसलेले. चिमटा सुटला रे, म्हणायचे. म्हटलं, फोन तर आहेच ना निरोपाला. आवाज कशाला हवा." तिने पदराने तोंड दाबलं. "सांगू नका यांना. मी आवाज ठेवला असता तर शेजारच्या खोलीत आत्यांना तरी—"

"आत्या घरात होत्या?"

"घरातच. आबांच्या शेजारची खोली त्यांची." ती जवळ सरकली. "आणि काका, एक सांगू? त्या दिवशी दुपारी शेवटी आबांजवळ त्याच बसल्या होत्या. पण विचारलं की विषय बदलतात."

४

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. वय सत्त्याहत्तर, जीभ सतराची. दार ठोठावलं तर आतून काही नाही. ढकललं, तर खुर्चीत ताठ बसलेल्या.

"कानात यंत्र घालते, थांबा," त्या ओरडल्या. घातलं. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही ते खांबावर बसून पूर ओलांडणारे ना? माझा भाऊ म्हणायचा, असा खोटारडा माणूस दुसरा नाही. मला बोलवा म्हणायचा त्याला, करमणूक होईल."

"बोलवलं नाहीत ते."

"राहूनच गेलं." त्यांनी कानातलं यंत्र पुन्हा दाबून बसवलं.

मी मुंगीच्या फोनवरचा फोटो पुढे केला. "आत्या, हे पत्ते कोण खेळत होतं?"

त्यांनी फोटो हातातसुद्धा घेतला नाही. पाहिला आणि सगळा ताठपणा गेला.

"मीच," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं. या पोरीने नवं काहीतरी बसवलं, त्यात आमचा डाव सापडेना. दोन दिवस आबा हिरमुसलेला. मग मला आठवलं, हिनेच मंगळवारी जाताना सांगितलं होतं, जुनं काढलेलं नाही, नाव विचारतं तिथे कोपऱ्यात चाक आहे, ते दाबलं की जुनं मिळतं. तर मी गुरुवारी बारा वाजता चाक दाबलं."

मुंगी चटकन पुढे झाली. "आत्या, जुनं आल्यावर वायफाय होतं का? चौकट आली का पासवर्डची?"

"कुठली चौकट? काहीसुद्धा नाही आलं. अडीचपर्यंत खेळलो. आबाने मागे गाणी लावली होती, तू मंगळवारी दाखवलंस ना, इंटरनेटवरची. अडीचला माझं कंबरडं दुखायला लागलं म्हणून मी इकडे आले, कानातलं काढलं आणि पडले. गाणी तेव्हाही चालूच होती. बारीक आवाजात, पण भिंतीला हात लावला की कळायची."

"गाणी?" मी म्हटलं. "सूनबाईंनी तर आवाज बंद केला होता."

"टुंय टुंय बंद केलं तिने. गाणी काय बंद करते. तेवढी अक्कल आहे तिला." मग त्यांचा चेहराच पडला. "खरं सांगा हो. मी चाक दाबलं म्हणून गेला का माझा भाऊ? दोन दिवस तेच घोळतंय डोक्यात. या पोरीला लोक शिव्या घालतायत आणि मी गप्प बसलेय."

मुंगी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "नाही आत्या. चाक दाबून काही होत नाही. पासवर्ड यंत्राच्या पोटात होता, म्हणून तर अडीचपर्यंत गाणी चालली."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती स्वतःचीच सुटका करतेय. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आनंद नव्हता त्यावर. भीती होती.

जिन्यात मला थांबवून म्हणाली, "मामा, जोडलेलं वायफाय आपणहून पासवर्ड मागत नाही. कुणीतरी हाताने तोडलं असलं तरच मागतं. फोनवर करतो ना आपण, 'हे नेटवर्क विसरा', आणि मग परत त्याच नावावर बोट ठेवायचं. की आलीच चौकट."

"कुणी केलं असेल?"

"ज्याने मंगळवारी ती चौकट पाहिली होती त्याने. पण त्यानंतर मी काय केलं ते ज्याने पाहिलं नाही, त्याने. मी पासवर्ड पोटात ठेवल्यानंतर ती चौकट पुन्हा येऊच शकत नाही हे ज्याला माहीत होतं, तो असलं सोंग करणार नाही."

"आत्यांनी शेवटपर्यंत पाहिलं?"

"शेवटपर्यंत. सूनबाई तर खोलीत आल्याच नाहीत."

"आणि बाइंडर?"

खाली कारखान्यात कुणीतरी दार उघडलं होतं.

५

बाइंडर मोठा माणूस. हात फावड्यासारखे, आणि नखांच्या कडांना वाळलेला सरस, जो साबणाने कधीच जात नाही. पाळीचा फोन अजून त्याच्या गळ्यात होता. आता पाळी कसली, पण काढला नव्हता.

"तुम्ही रदबदली करायला आलायत," तो म्हणाला. "वेळ वाया घालवू नका. भाची आहे तुमची, कळतं मला. पण माझा बाप गेलाय."

"रदबदली नाही. मला यंत्रांचा नाद. जरा बघू दे की." मी भिंतीकडेने फिरत राहिलो. सरसाची कढई थंड, वर साय धरलेली. "गुरुवारी दोन ते चार तुम्ही काय करत होता?"

"बसलो होतो. इथे, या स्टुलावर. फोन हातात घेऊन."

"काम नाही केलं?"

"बाप वर एकटा आहे म्हटल्यावर काम सुचतं का? हातसुद्धा नाही लावला कशाला."

"आणि फोन वाजला नाही."

"वाजला असता तर मी इथे उभा राहिलो असतो का?" त्याचा आवाज चढला, आणि छतावरून परत आला. "तुमच्या भाचीला विचारा का नाही वाजला! मंगळवारी माझ्यासमोर तीच चौकट आली होती, तीच. मी स्वतः पाहिली. तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाई, आहे तसं परत कर."

"मग म्हटलं का नाही?"

"सरस चढला होता. उकळला की वाया जातो. खाली आलो."

"आणि तिने पुढे काय केलं?"

"मला काय माहीत? केलं असतं तर बाप जिवंत असता."

मी कोपऱ्यातल्या शिकंज्याजवळ पोचलो होतो. लोखंडी शिकंज्यात एक जाड पुस्तक आवळलेलं होतं, पाठ माझ्याकडे. मला पुस्तकांतलं कळत नाही. पण गोल पाठ म्हणजे काय ते कळतं. सरस लावून, तो ओला आहे तोवर हातोडीने ठोकत ठोकत ती गोल करावी लागते. मध्ये थांबलं की सरस धरतो आणि पाठ कायमची वाकडी राहते. ही पाठ नखासारखी गोल होती. कुठे सुरकुती नाही. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं देखणं काम मी पाहिलं नाही, आणि या वेळी मी थाप मारत नाही.

आत कडेने निळी रेघ दिसत होती. कुठलीतरी नदी.

मी बोटाने पाठीला स्पर्श केला. कडक वाळलेली.

"साडेचार वाजले," बाइंडर मागून म्हणाला. तक्रारीचा कागद त्याच्या खिशातून डोकावत होता. "मी निघतो."

"निघा की. पण आधी पाच मिनिटं वर या. ते यंत्र पोलीस उचलून नेतील. त्याआधी मुंगीला एकदाच तो पासवर्ड घालू दे. सगळ्यांसमोर. नाहीच जोडलं गेलं, तर मी स्वतः तुमच्याबरोबर येतो आणि तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही करतो."

"मामा!" मुंगी म्हणाली.

बाइंडरने क्षणभर विचार केला. वाटलं, नाही म्हणेल. पण नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

६

आबांची खोली लहान. पलंग मोकळा, गादी गुंडाळलेली. संगणक पुरावा म्हणून तसाच चालू ठेवला होता. हिरवा पडदा, पत्ते, पांढरी चौकट. डाव अर्धाच राहिला होता.

सूनबाई दारात. आत्या खुर्चीत. बाइंडर पलंगाच्या पायाशी उभा, हाताची घडी, फोन छातीवर. मुंगी बसली, आणि पासवर्ड दोनदा चुकला.

"घाई नाही," मी म्हटलं. "तोवर मी एक सांगतो. आमच्या धंद्यात तार तुटली की निरोप मरत नाहीत. अलीकडच्या टोकाला साचतात. तार जोडली की सगळे निघतात, ज्या क्रमाने साचले त्याच क्रमाने. हे यंत्रही तसंच आहे ना गं?"

"तसंच," मुंगी म्हणाली. तिने मान वळवली नाही. "वायफाय नसेल तेव्हाचे निरोप राखून ठेवतं. जोडलं की पाठवतं. प्रत्येकावर वेळ असते, ज्या मिनिटाचा आकडा त्या मिनिटाची."

"म्हणजे डेस्कटॉप बदलल्यामुळे गुरुवारी वायफाय नव्हतंच, असं धरलं, तर आता पहिला निरोप कितीचा यायला हवा?"

"दोन त्रेचाळीसचा. आकडा घसरला तेव्हाचा."

बाइंडरची घडी सुटली.

"थांबा," तो म्हणाला.

मुंगीने बटण दाबलं.

काहीच झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग पडद्यावरच्या काळ्या पट्टीत वायफायचा छोटासा पंखा उमटला, आणि बाइंडरच्या छातीवर फोन वाजला.

तो हलला नाही. सूनबाईनेच पुढे होऊन फोन उचलला, फीत त्याच्या मानेत तशीच.

"वाचा," मी म्हटलं.

"दोन..." ती अडखळली. "दोन एकोणसाठ. आकडा शून्य."

"त्याच्या आधीचा?"

"आधीचा नाही. हाच पहिला."

फोन पुन्हा वाजला. तीन वाजताचा. शून्य. तीन एक. शून्य.

"मग दोन त्रेचाळीस ते दोन अठ्ठावन्नचे सोळा निरोप कुठे गेले?" मी विचारलं. मला आता तो प्रश्न विचारायची इच्छा राहिली नव्हती, पण विचारायला हवा होता. "यंत्रात साचले नाहीत, म्हणजे त्याच वेळी निघून गेले होते. वायफाय नीट चालू होतं. ते फोनवर पोचले. आता फोनवर नाहीत, म्हणजे कुणीतरी पुसले. मग कुणीतरी इथे येऊन दोन अठ्ठावन्नला वायफाय तोडलं. निरोप आलाच नाही असं दिसावं म्हणून. सूनबाई रांगेत होत्या. आत्यांनी मंगळवारी पूर्ण दुरुस्ती पाहिली होती, त्यांनी ही चौकट कधीच मांडली नसती. चौकट मांडली ती अर्धीच दुरुस्ती पाहून, सरस चढला म्हणून खाली गेलेल्या माणसाने. आणि ती मांडली जुन्या डेस्कटॉपवर. त्याला नव्या-जुन्यातला फरकच माहीत नव्हता."

फोन वाजला. तीन चार.

"तुम्ही म्हणालात, हात लावला नाही कशाला," मी म्हटलं. "दोनला नकाशे नुसते शिवलेले होते. खाली शिकंज्यात पाठ गोल झालीय."

सूनबाईने फोन सोडून दिला. तो फितीला लोंबकळत राहिला आणि वाजत राहिला.

"अहो," ती म्हणाली. "निरोप आला होता?"

बाइंडर पलंगाच्या कडेवर बसला. बसताना त्याने, सवयीने, नळी बाजूला करावी तसा हात केला. तिथे नळी नव्हती.

"सरस लावला होता," तो म्हणाला. "नुकताच. फोन वाजला. म्हटलं, चिमटा सुटला असेल. चाळीस वेळा चिमटाच सुटला होता." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "म्हटलं, एवढी पाठ ठोकतो आणि जातो. दहा मिनिटं. वाकडी राहिली असती ती. आबांना वाकडं खपत नसे. त्यांनीच सांगितलं होतं ना, लवकर आटप."

"आणि फोन?" आत्यांनी विचारलं.

"उलटा ठेवला. वाजत होता. मी ठोकत होतो."

फोन वाजला.

"वर आलो तर..." त्याने गुंडाळलेल्या गादीवर हात ठेवला. "ती चौकट आठवली मला. मंगळवारची. त्या वेळी दुसरं काही डोक्यात आलं नाही, काका. एवढंच वाटलं की निरोप आला होता हे कुणाला कळायला नको. मलाही."

मुंगी अजून संगणकासमोरच होती. ती रडत होती, पण आवाज न करता. मला वाटलं, काहीतरी बोलेल त्याला. दोन दिवस, दोन रात्री तिने जे सोसलं त्याचा एक तरी शब्द. तिने फक्त मागे वळून विचारलं, "दादा, बंद करू का? अजून बरेच आहेत."

"किती?"

"चार वाजून दोन मिनिटांपर्यंतचे. तेव्हा तुम्ही चिमटा काढलात. चौसष्ट."

त्याने खिशातला तक्रारीचा कागद काढला, नीट चार घड्या घालून पलंगावर ठेवला. सूनबाई मागे सरकून पुन्हा दारात उभी राहिली, आत आली नाही आणि गेलीही नाही. आत्यांनी कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं.

"वाजू दे," बाइंडर म्हणाला.

फोन जुना होता. एक निरोप वाजून संपल्याशिवाय दुसरा घेत नसे. तीन नऊ. तीन दहा. तीन अकरा. दर वेळी वाजला की तो मोठा माणूस बसल्या जागी अर्धवट उठायचा, जिन्याकडे निघाल्यासारखा, आणि पुन्हा बसायचा. आम्ही चौघं ऐकत होतो. चौसष्ट वेळा.